बंदीचा पूर्वपक्ष

पालकसभेत मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेचा विषय निघाला की चर्चा फार लांबत नाही. कुणीतरी उठून म्हणतं, "दहावी होईपर्यंत हातात फोनच द्यायचा नाही, म्हणजे प्रश्नच मिटला," आणि सगळ्या सभेच्या माना हलतात. हे मत आता सभेपुरतं राहिलेलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी करणारा ठराव केला. ऑस्ट्रेलियानं सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई करणारा कायदा २०२४ मध्ये मंजूर केला, १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला आणि पाठोपाठ गोव्यातही सरकारकडून तसा विचार बोलून दाखवला गेला. अग्रलेख लिहिणारे, कीर्तनकार, डॉक्टर, मुख्याध्यापक, एरवी ज्यांचं आपसांत पटत नाही अशी माणसं या एका मुद्द्यावर एकत्र आली आहेत.

माझं म्हणणं याच्या विरुद्ध आहे. शाळकरी मुलाला इंटरनेटवर ज्या इजा होतात त्यांतल्या सर्वांत गंभीर इजांपासून बंदी त्याला वाचवत नाही. उलट इजा झाल्यावर मदत मागायची वाट ती बंद करून टाकते, आणि मोठं नुकसान तिथेच होतं. पण खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडला पाहिजे. आपल्याकडच्या शास्त्रार्थाची ती पहिली अट होती, आणि या वादात ती पाळलेली क्वचित दिसते.

पूर्वपक्ष असा. मुलाचं मन घडत असतं, आणि समोरची यंत्रणा माणसाला खिळवून ठेवण्यासाठीच निष्णात लोकांनी बांधलेली असते. ही लढत बरोबरीची नाही. दारू, तंबाखू, वाहन चालवणं यांना आपण वयाची अट घालतो, मग इथेच संकोच कशाला? एकट्यादुकट्या पालकानं बंदी घातली तर "वर्गात सगळ्यांकडे आहे" हे ऐकावं लागतं आणि बंदी टिकत नाही, म्हणून ती सगळ्यांना एकदम लागू व्हायला हवी. जोनाथन हाइट यांच्या २०२४ मधल्या 'द अँक्शस जनरेशन' या पुस्तकानं हा सामूहिक बंधनाचा मुद्दा जगभर पोचवला. ऑस्ट्रेलियात नियम मोडणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे, आणि पहिल्या महिन्यातच सुमारे ४७ लाख खाती बंद झाली. म्हणजे कायदा कागदावर राहिला नाही.

यातलं बरंच मला मान्य आहे. लढत बरोबरीची नाही हे खरंच आहे. शाळेच्या वेळात फोन दप्तराबाहेर नसावा, रात्री तो मुलाच्या उशाशी नसावा, याबद्दल माझा वाद नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायची पद्धत सुरू केली. तिचा मला आदर वाटतो, कारण तिथे भोंगा वाजला की मोठ्यांनीही फोन खाली ठेवायचा असतो. पण तो भोंगा अभ्यासासाठी आहे. झोप, अभ्यास, एकाग्रता हा एक प्रश्न आहे. मुलाला कुणी छळणं, लुबाडणं, त्याच्या फोटोचा गैरवापर करणं, धमकावणं हा दुसरा. पहिल्यावर वेळेची मर्यादा हे औषध चालतं. ते दुसऱ्यालाही लागू पडेल असं गृहीत धरणं ही पूर्वपक्षाची मूळ चूक आहे.

आधी साधी गोष्ट पाहू, की फोन कुणाचा. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचं दिसलं, आणि ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. पण ज्यांना वापरता येतो त्यांपैकी स्वतःचा फोन असलेली मुलं चौदाव्या वर्षी २७ टक्के आणि सोळाव्या वर्षी ३८ टक्क्यांच्या आसपास होती. याचा अर्थ बहुतेक मुलं जो फोन वापरतात तो त्यांचा नसतोच. तो बाबांचा असतो, आईचा असतो, कॉलेजात जाणाऱ्या दादाचा असतो. संध्याकाळी बाबा कामावरून आले की फोन चार्जिंगला लागतो आणि तिथूनच मुलांच्या हातात जातो. त्यात यूट्यूब जे दाखवतं ते बाबांच्या आवडीनं, इन्स्टाग्रामचं खातं असतं मामाच्या नावाचं. बाबांच्या मित्रमंडळाच्या ग्रुपवर रात्री आलेले व्हिडिओ आपोआप डाउनलोड होऊन गॅलरीत बसतात, आणि सकाळी गृहपाठाचा फोटो शोधणाऱ्या सहावीतल्या मुलीला ते आधी दिसतात. यात मुलीनं कोणता नियम मोडला? व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' नावाचं एक बटण आहे. ते बंद केलं की नवीन येणारे असले व्हिडिओ गॅलरीत दिसत नाहीत. मुलांना फोनबंदीचं व्याख्यान देणाऱ्या किती बाबांनी ते बंद केलंय, हे पुढच्या पालकसभेत जरूर विचारावं.

वयाच्या अटीचंही तसंच. समाजमाध्यमांवरची तेरा वर्षांची मर्यादा आली ती अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यातून. डॅना बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक हजारावर अमेरिकी पालकांची पाहणी केली, तेव्हा तेरा वर्षांआधीच फेसबुकवर गेलेल्या मुलांच्या बहुतेक पालकांना ते ठाऊक होतं असं आढळलं. पुष्कळांनी तर खोटं वय टाकून खातं उघडायला स्वतःच मदत केली होती. दक्षिण कोरियानं २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. मुलं आईवडिलांच्या ओळखक्रमांकावर खेळत राहिली आणि दहा वर्षांनी सरकारनं तो कायदा रद्द केला. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं. त्यामागचं कारण वेगळं होतं, देशाच्या सुरक्षेचं, पण मुलांच्या बाबतीत काय घडलं ते बघण्यासारखं आहे. महिनाही उलटायच्या आत इन्स्टाग्रामवर रील्स आले आणि मुलं तिकडे गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर' बंद झाला तेव्हा 'फ्री फायर मॅक्स' चालूच होता.

ऑस्ट्रेलियाच्या यादीत फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब आहेत. व्हॉट्सअ‍ॅप नाही, डिस्कॉर्ड आणि रोब्लॉक्सही नाहीत. आपल्या शाळांमधल्या वर्गाचे ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर असतात. आणि वयाची अट आपल्या कायद्यात नाही असंही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी कंपनीला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागणार आहे. मुलांचा माग काढण्याला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्याला त्याच कलमानं मनाई केली आहे, आणि ती तरतूद मला फार मोलाची वाटते. पण संमतीचं काय होईल हे आपल्या घरांकडे बघून सांगता येतं. गॅसची नोंदणी असो की बँकेचं काम, बाबांच्या फोनवर आलेला ओटीपी आज सातवीतली मुलगीच वाचून भरते.

घरातल्या फिल्टरांचीही परीक्षा झालेली आहे. ऑक्सफर्डच्या अँड्र्यू शिबिल्स्की आणि व्हिक्टोरिया नॅश यांनी २०१८ मध्ये युरोपातल्या आणि ब्रिटनमधल्या दहा हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवरून तपासलं, की घरी फिल्टर असल्यानं मुलांच्या नजरेला अश्लील मजकूर पडणं कमी होतं का. मूल असं काही पाहतं की नाही, हे साडेनव्याण्णव टक्क्यांहून जास्त प्रमाणात इतरच गोष्टींवर ठरत होतं. फिल्टर बसवू नका असं मी म्हणत नाही. तो बसवून निर्धास्त झालेला पालक मात्र चुकीच्या जागी निर्धास्त झालेला असतो.

पूर्वपक्षाच्या मनातलं धोक्याचं चित्रही तपासून घ्यावं लागेल. त्या चित्रात एक अनोळखी पुरुष असतो, तो लहान मूल असल्याची बतावणी करतो, मुलीचं नाव, पत्ता, शाळा काढून घेतो आणि गाठतो. असं कधीच घडत नाही असं नव्हे. पण अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या जॅनिस वोलॅक, डेव्हिड फिंकलहोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशा गुन्ह्यांचा अभ्यास मांडला, तेव्हा निराळंच चित्र दिसलं. बळी पडलेली मुलं बहुतेक किशोरवयीन होती. बहुतेकांना समोरचा माणूस प्रौढ आहे हे माहीत होतं. त्यानं आधी त्यांचा विश्वास मिळवला होता, त्यांना जीव लावला होता. नुसतं नाव किंवा शाळा सांगितल्यानं धोका वाढतो असं आढळलं नाही. अनोळखी माणसांशी लैंगिक विषयांवर बोलणं, घरात आधीच असलेला छळ किंवा एकटेपणा यांनी तो वाढत होता. म्हणजे "कुणाला नाव सांगू नकोस" हा आपला आवडता उपदेश धोक्याच्या मुळाशी पोचतच नाही. शिवाय तो आपण स्वतःही पाळत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत नंबर आला की मुलाचा फोटो, पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि शाळेचं नाव असलेला फ्लेक्स चौकात लागतो, आणि तोच शाळेच्या फेसबुक पानावर चढतो. तो फोटो टाकण्याआधी मुलाला विचारलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

शाळकरी मुलाला रोज पोचणारी इजा बहुतेक वेळा वर्गातूनच येते. तिचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. सातवीचा वर्ग, मुलांनी आपापल्या घरच्या फोनवरून बनवलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. स्नेहसंमेलनातल्या एका फोटोत एक मुलगी तोंड उघडून हसते आहे. कुणीतरी तेवढाच चेहरा कापून त्याचं स्टिकर करतं. पहिल्या दिवशी सगळे हसतात, तीही हसते. मग कुठल्याही प्रश्नाला उत्तर म्हणून ते स्टिकर पडायला लागतं. मग दुसऱ्या तुकडीच्या ग्रुपमध्ये जातं, मग ट्यूशनच्या. चेहऱ्याखाली एक शब्द येतो आणि तो शब्द घाणेरडा असतो. पंधरा दिवसांनी मुलगी पोट दुखतंय म्हणून घरी राहायला लागते. अखेर ती बाईंना सांगते. बाई वर्गात येऊन जाहीर करतात, "आजपासून ग्रुप बंद. सगळ्यांच्या घरी फोन करणार आहे." संध्याकाळपर्यंत नवीन ग्रुप तयार झालेला असतो, त्यात ती मुलगी सोडून सगळे असतात आणि स्टिकरही असतं. घरी आई फोन काढून घेते, कारण "तुला सांगितलं होतं ना, ग्रुपवर जाऊ नकोस म्हणून." तक्रार करणाऱ्या मुलीला एकाच दिवसात तीन शिक्षा मिळाल्या. पुढच्या वर्षी त्या वर्गातलं दुसरं कोणतं मूल बाईंना काही सांगेल?

इथे बंदीचा खरा परिणाम दिसतो. बंदी मुलाला इंटरनेटवर जायचं थांबवत नाही, ती त्याला घरी सांगायचं थांबवते. युरोपातल्या २५ देशांत ९ ते १६ वयाच्या २५ हजार मुलांची आणि त्यांच्या पालकांची २०१० मध्ये जी मोठी पाहणी झाली, तिचं नेतृत्व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सोनिया लिव्हिंगस्टन यांच्याकडे होतं. ऑनलाइन दुखावणारे संदेश आलेल्या मुलांच्या पालकांना विचारलं, तर ५६ टक्के म्हणाले, आमच्या मुलाला असं काही आलेलं नाही. ऑनलाइन ओळख झालेल्या माणसाला प्रत्यक्ष भेटलेल्या मुलांच्या पालकांपैकी ६१ टक्के म्हणाले, आमचं मूल कुणाला भेटलेलं नाही. हे आकडे जुने आहेत, आपल्या देशाचेही नाहीत. पण घरात राहून घरच्यांना काही न सांगणारं मूल आपल्याला अपरिचित आहे असं कोण म्हणेल?

या मौनाची किंमत सर्वांत जास्त कुठे मोजावी लागते, तर फोटोवरून होणाऱ्या खंडणीत. तिची रीत ठरलेली असते. मुलाच्याच वयाच्या मुलीच्या नावानं इन्स्टाग्रामवर ओळख होते. गप्पा लवकरच दुसऱ्या अ‍ॅपवर जातात. एक फोटो येतो, बदल्यात एक मागितला जातो. तो पाठवल्यावर काही मिनिटांत भाषा बदलते: पैसे टाक, नाहीतर हा तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना जाईल, ही बघ त्यांची यादी. अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, तेव्हा त्या वर्षात किमान ३,००० अल्पवयीन बळी पुढे आले होते. ते मुख्यतः मुलगे होते, आणि डझनाहून अधिक मुलांनी जीव गमावला होता. धमकावणाऱ्याकडे त्या वेळी भांडवल काय असतं? फोटो तर आहेच. पण त्याची सगळी ताकद मुलाच्या एका खात्रीत असते, की हे घरी कळलं तर आपलं काही खरं नाही. ज्या घरात "फोनला हात लावलास तर तंगडी तोडीन" असं सांगून ठेवलेलं असतं, त्या घरात ही खात्री पालकांनीच पक्की करून दिलेली असते. नियम मोडून फोन वापरलेल्या मुलाला मदत मागायची तर आधी स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागतो. चौदा वर्षांच्या पोरानं रात्री अकरा वाजता, दहा मिनिटांची मुदत दिलेली असताना, हे धैर्य कुठून आणायचं?

मुलींच्या बाबतीत याहून कठीण आहे. मुलगा सापडला तर फोन जातो. मुलगी सापडली तर फोन जातो, ट्यूशन जाते, मैत्रिणीकडे जाणं जातं, आणि काही घरांत शाळाच जाऊन स्थळं बघायला सुरुवात होते. कुणीतरी तिचा फोटो बिघडवून पसरवला, यात तिचा काडीचा दोष नसला तरी हेच होतं. हे ठाऊक असल्यामुळे मुली सांगत नाहीत, आणि त्यांचं न सांगणं अगदी शहाणपणाचं असतं. त्यांना तसं करायला भाग पाडणारी व्यवस्था मोठ्यांची आहे. 'असर'च्या त्याच अहवालात फोन वापरता येणाऱ्यांपैकी ३६ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींपैकी २७ टक्के जणींकडे. बंदीचा भार आधीच कुणावर जास्त आहे ते यावरून दिसतं.

भीती घालून मुलं सुरक्षित होतात, हा याच मताचा दुसरा भाग. २०१७ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका किशोराच्या मृत्यूनंतर 'ब्लू व्हेल' नावाच्या जीवघेण्या खेळाची भीती देशभर पसरली. शाळाशाळांतून सूचना निघाल्या, मुलांचे हात तपासले गेले, केंद्र सरकारनं कंपन्यांना त्या खेळाचे दुवे काढून टाकायला सांगितलं. पुढे सरकारच्याच समितीनं अशा घटना तपासल्या, आणि त्यांपैकी एकीतही त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही, असं जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगण्यात आलं. ही दुसरी बातमी पहिल्या पानावर आली नाही. दरम्यान ज्या मुलांनी त्या खेळाचं नावही ऐकलं नव्हतं त्यांना ते शाळेनं शिकवलं. त्याहून वाईट म्हणजे, एखादं मूल आतून खचत असेल तर त्याला काय होतंय, घरी काय चाललंय, अभ्यासाचं, मैत्रीचं, अपमानाचं काय, हे विचारायचं सोडून आपण त्याच्या फोनमध्ये एक खेळ शोधत बसलो.

माझ्या बाजूवर घेता येईल असा सर्वांत वजनदार आक्षेप लिव्हिंगस्टन यांच्याच अभ्यासातून येतो. २०१७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या आठ देशांतल्या सहा हजारांवर पालकांच्या उत्तरांवरून असं दाखवलं, की जिथे पालक बंधनं घालतात तिथे मुलांना ऑनलाइन धोके कमी भेटतात, आणि जिथे पालक मुलांसोबत राहून मोकळीक देतात तिथे संधी आणि धोके दोन्ही वाढतात. मग बंदी कामाची ठरली की! धोके कमी होतात हे मी नाकारत नाही. पण त्याच अभ्यासाप्रमाणे बंधनांमुळे संधीही आटतात, आणि मूल जे शिकायला हवं ते शिकत नाही. धोका भेटणं आणि इजा होणं यांतलं अंतर तर लिव्हिंगस्टन वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. पुष्कळ मुलं नको ते पाहतात, त्यांतल्या थोड्यांना त्याचा त्रास होतो. कुणाला होईल हे मुलाच्या भोवती कोण आहे यावर बरंच अवलंबून असतं. आठ वर्षांच्या मुलासाठी बंधनं हवीतच, त्याच्या हातात स्वतःचा फोन नसावा. चौदाव्या वर्षी तीच बंधनं फक्त लपवाछपवी वाढवतात. कंपन्यांवर सक्ती हवी का, तर जरूर हवी. अनोळखी प्रौढांना मुलांच्या इनबॉक्सात शिरू देणं, तक्रारीला आठवडाभर उत्तर न देणं यांसाठी त्यांना जबर दंड व्हावा. मुलाचं खातं बंद केलं की कंपनीची ही जबाबदारीच संपते, कारण कागदोपत्री तिथे मूल उरत नाही. म्हणून कंपन्यांना वेसण घालू इच्छिणाऱ्यांनीही सरसकट बंदीपासून सावध राहावं असं मला वाटतं.

मग करायचं काय? खंडनाइतकंच मंडन हवं, आणि ते कामाचं हवं.

पहिलं म्हणजे अभय. "ऑनलाइन काहीही झालं, तुझी चूक असली तरी, आधी मला सांग. मी फोन काढून घेणार नाही, शाळा बंद करणार नाही, बाबांना कसं सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." हे वाक्य संकट येण्याआधी, साध्या वेळी, पोळ्या लाटताना नाहीतर एसटीची वाट बघताना म्हणून ठेवायला हवं. आणि त्याची परीक्षा लहानशा गोष्टीत होते. मूल एखादा घाण मेसेज दाखवायला येतं तेव्हा आईचा चेहरा कसा होतो, त्यावर पुढचं मोठं प्रकरण तिच्यापर्यंत पोचणार की नाही हे ठरतं. आई नसेल तर आत्या, मावशी, शेजारची ताई, कुणीतरी एक माणूस ठरलेलं असावं.

दुसरं, पहिल्या तासाचं ज्ञान. लाजेपोटी पालक सर्वांत आधी चॅट डिलीट करतात, आणि पुरावा तिथेच संपतो. पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते. समोरच्याचं खातं, नाव, नंबर, धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे आणि मग त्याला रिपोर्ट करून ब्लॉक करायचं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन, बाकी तक्रार केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर. मुलांसंबंधीची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. चाइल्डलाइनचा १०९८ आहे. उघडा फोटो पसरण्याची भीती असेल तर अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राची 'टेक इट डाउन' ही सेवा २०२३ पासून जगभरातल्या मुलांना मोफत आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्याचा एक आकडी ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि त्या ठशावरून सहभागी कंपन्या तो फोटो ओळखून काढतात. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या बंदिस्त संभाषणात तिचा उपयोग होत नाही, हेही मुलांना सांगावं. आणि शिक्षकांनी एक गोष्ट कटाक्षानं पाळावी: मुलाचा असा फोटो "पुरावा म्हणून" स्टाफच्या ग्रुपवर टाकायचा नाही, स्वतःच्या फोनवर मागवायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली तो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. फोन आहे तसा पोलिसांना दाखवायचा.

पोलिसांचं नाव काढलं की शाळा दचकते, आणि इथे खरी अडचण आहे हे मान्य केलं पाहिजे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं एकोणिसावं कलम सांगतं, की असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला एकविसाव्या कलमाखाली शिक्षा आहे आणि संस्थाप्रमुखाला ती जास्त आहे. म्हणून बाई मुलाला "हे कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ शकत नाहीत, आणि देऊही नये. त्या एवढं सांगू शकतात, की मी तुझ्यासोबत असेन. त्याच कायद्यानुसार पोलिस मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घालता, शक्यतो महिला अधिकाऱ्यामार्फत नोंदवतात, आणि त्याचं नाव बातमीत येऊ शकत नाही. हे सगळं मुलाला आधी माहीत असेल तर ठाण्याची अर्धी भीती जाते. राज्यातल्या शाळांत २०२२ पासून सखी सावित्री समित्या नेमायच्या आहेत, तक्रारपेट्याही आहेत. पण पेटी मुख्याध्यापकांच्या दारापाशी, सगळ्यांच्या नजरेसमोर टांगलेली असली तर तिच्यात चिठ्ठी टाकायला कोण जाईल? ती पाणपोईच्या कोपऱ्यात किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावायला काही खर्च येत नाही.

तिसरं म्हणजे कौशल्य, आणि ते अगदी साधं आहे. 'असर'नं समाजमाध्यमं वापरणाऱ्या मुलांना विचारलं, तेव्हा एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांना माहीत होतं, पासवर्ड कसा बदलायचा हे सुमारे ५८ टक्क्यांना, आणि खातं खाजगी कसं करायचं हे ५५ टक्क्यांना. म्हणजे दहांतल्या चार मुलांना छळणाऱ्याला दाराबाहेर काढता येत नाही. संगणकाच्या एका तासिकेत हे शिकवून होतं. त्यासाठी बाहेरून व्याख्याता बोलवायला नको, नववीतली दोन मुलं सातवीला शिकवतील, आणि जास्त चांगलं शिकवतील.

राहिला एक आक्षेप, पालकांच्या तोंडून नेहमी येणारा: असं अभय दिलं तर मुलं शेफारतील, करून सवरून "सांगितलं ना" म्हणून मोकळी होतील. अभय सांगण्याला आहे, केलेल्या कृत्याला नाही. ते स्टिकर बनवणाऱ्या मुलाला त्याचं उत्तर द्यावंच लागेल. पण तेही वर्गासमोर उभं करून नको. त्याला, त्याच्या आईवडिलांना आणि वर्गशिक्षिकेला एकत्र बसवावं, ते स्टिकर कुठे कुठे गेलं त्याची यादी त्याच्याकडून करून घ्यावी, आणि प्रत्येक ग्रुपमध्ये जाऊन "हे मी केलं होतं, काढून टाका" असं त्यालाच लिहायला लावावं. मुलीनं सांगितलं तर तिनं निवडलेली एक मैत्रीण या बैठकीत तिच्या बाजूला असावी. तिच्या घरचा फोन त्या संध्याकाळी तिच्याच हातात असायला हवा, म्हणजे ते मेसेज आले की नाही हे तिला स्वतःला बघता येईल.